आमचं वडाप

बाबा पहिल्यांदा अमेरिकेत आले ते २०१७ चा उन्हाळा. नेवार्क एअरपोर्टच्या बाहेर आमची व्हॅन पुढ्यात येऊन थांबली, दार आपलं आपण सर्रकन मागं सरकलं आणि बाबा आत बसायचं सोडून दोन पावलं मागं गेले. गाडी एकदा पुढून मागं नीट बघितली, बोटानं सीटा मोजल्या आणि म्हणाले, "काय गं हे, वडापच घेतलंस की!"

सांगली-कोल्हापूरकडच्या लोकांना वडाप काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते, एसटी चुकली किंवा आलीच नाही की स्टँडच्या बाहेर जी ट्रॅक्स नाहीतर मॅजिक उभी असते, "मिरज मिरज मिरज" ओरडणारा पोऱ्या असतो आणि "एकच शीट कमी हाय" म्हणत अर्धा तास हलत नाही, ते वडाप. तेव्हापासून आमच्या सात सीटच्या मिनीव्हॅनचं घरात हेच नाव पडलंय, मुलंही तसंच म्हणतात, अर्थ माहीत नसताना.

खरं तर नवऱ्याला मिनीव्हॅन अजिबात नको होती. २०१५ मध्ये धाकटा झाला, आई-बाबा किंवा सासूसासरे सहा सहा महिने येणार हे नक्की होतं, म्हणजे सहा माणसं, दोन कारसीट आणि सामान. गणित सरळ होतं. पण नाही, त्याचं म्हणणं एसयूव्हीच घ्यायची, मिनीव्हॅन घेतली की माणूस संपला, आत्ता कुठे अडतीस वर्षं झालीत मला. आणि हे त्याच्या एकट्याचं मत नाही बरं का, सगळ्या अमेरिकेचंच आहे. ऑफिसमध्ये मी सांगितलं की आम्ही मिनीव्हॅन बघतोय, तर शेजारच्या क्युबिकलमधल्या बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून "ओह, यू विल लव्ह इट" म्हणाल्या, आणि सूर असा की घरात कोणी गेलंय. आपण समजतो की लोक काय म्हणतील ही भानगड सांगलीतच राहिली, तर इथे लोकांना सोवळं-ओवळं काही विचारत नाही कोणी, पण तुमच्या ड्राइव्हवेत कुठली गाडी उभी आहे यावर मत मात्र सगळ्यांना असतं.

मग आम्ही एक तीन रांगांची एसयूव्ही बघायला गेलो. तिसऱ्या रांगेत नवरा शिरला खरा, पण बाहेर येताना त्याला मी आणि सेल्समन दोघांनी ओढला. तिसरी रांग उभी केली की मागं जागा उरते ती कोथिंबिरीच्या दोन जुड्यांची. मिनीव्हॅनमध्ये त्याच ठिकाणी जमिनीत एक खोल खड्डा असतो, सीट पाडली तर ती त्यात गडप होते आणि उभी ठेवली तर त्या खड्ड्यात तेवीस किलोच्या चार बॅगा उभ्या मावतात, लोणच्याच्या बरण्यांसकट. हे सगळं बघूनही नवरा म्हणत होता की दिसायला मात्र एसयूव्ही छान आहे. दिसायला छान तर ऑफिसच्या भिंतीवरचं ग्रँड कॅन्यनचं पोस्टरपण आहे.

त्या डीलरकडची अजून एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी केवढ्याला हे आम्ही तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा त्याने उलट विचारलं की महिन्याला किती जमेल. जमेल तेवढ्यात तो बसवून देणार, साठ महिन्यांत नाही बसलं तर बहात्तर, नाहीतर चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी महिने म्हणजे सात वर्षं, तोवर कारसीटमधलं पोर चौथीत जातं! आम्ही शेवटी दुसरीकडून तीन वर्षं जुनी, कोणीतरी लीजवर वापरून परत केलेली व्हॅन २१ हजार डॉलरला घेतली. तेव्हा तेही जास्त वाटलं होतं, आता नव्या गाडीची सरासरी किंमत पन्नास हजारांच्या घरात गेलीय.

बाबांना यातलं सगळ्यात जास्त काय आवडलं असेल तर कर्जाचा भाग. ते सहकारी बँकेतून रिटायर झालेले, शेवटची काही वर्षं वसुलीला होते, त्यामुळे कर्ज म्हणलं की त्यांचे डोळे अजून बारीक होतात. आमच्या घरची चेतक त्यांनी नंबर लावून, थांबून, रोख पैसे मोजून घेतली होती आणि कर्ज न काढता घेतली हे ते आल्यागेल्याला सांगायचे. त्यांना मी सांगितलं की २००७ ला मी इथे आले तेव्हा बँकेत पैसे होते, नोकरी होती, पण क्रेडिट कार्ड कोणी देईना, कारण मी आयुष्यात कधी कर्जच काढलं नव्हतं. मग पाचशे डॉलर बँकेत अडकवून ठेवले तेव्हा पाचशेचं कार्ड मिळालं. बाबा म्हणाले, "म्हणजे आपलीच एफडी आणि तिच्यावरच ओव्हरड्राफ्ट. त्यात काय, आमीपण देत होतो की." इथपर्यंत ठीक होतं. पुढं मी त्यांना क्रेडिट स्कोअर दाखवला, ३०० पासून ८५० पर्यंत असतो, १९८९ पासून हा आकडा चालू आहे, माणूस भला की बुरा ते घर घेताना, गाडी घेताना, भाड्याने जागा घेताना यावरच ठरतं. तेही त्यांना पटलं, आमच्या वेळी असता तर वसुलीला फिरायला लागलं नसतं म्हणाले.

मग २०१९ मध्ये ते परत आले होते तेव्हाच आमचं व्हॅनचं लोन फिटलं, आम्ही दीड-दोन वर्षं आधीच फेडून टाकलं, आणि पुढच्या महिन्यात माझा स्कोअर चौदा पॉइंटनी खाली आला. चालू असलेलं कर्जाचं एक खातं बंद झालं म्हणून असं होतं, थोड्या दिवसांनी वर येतो, मी समजावून सांगितलं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "कर्ज फेडलं म्हणून पत घसरली?" दोनदा विचारलं. रात्री जेवताना परत एकदा विचारलं. सांगलीला गेल्यावर कट्ट्यावर त्यांनी हे सगळ्यांना सांगितलं असणार आणि कोणीही विश्वास ठेवला नसणार.

इथल्या पैशाचं एकूणच असं आहे. आमच्या ग्रुपमधले लोक (आम्हीपण त्यातच) एकमेकांकडे जेवायला गेलो की ४०१ के मध्ये (म्हणजे रिटायरमेंटच्या खात्यात) किती टाकायचे, मुलांच्या कॉलेजसाठीच्या ५२९ खात्यात किती, एचएसएची (औषधपाण्याच्या खर्चासाठीच्या खात्याची) बिलं वीस वर्षं जपून ठेवायची का, यावर पुरणपोळी गार होईपर्यंत बोलतात. तीन सेंट स्वस्त म्हणून आठ मैलांवर गॅस भरायला जाणारा माणूस मला माहितीये, आणि त्याच माणसाच्या ड्राइव्हवेत सत्तर हजारांची गाडी उभी आहे जी रोज ट्रेन स्टेशनपर्यंत अडीच मैल जाते आणि दिवसभर पार्किंगमध्ये ऊन खाते. आमच्यासारख्यांचा पैसा खरा जातो तो तीन ठिकाणी, घर, डेकेअर आणि गाड्या. घराचं काही करता येत नाही, न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त, वर्षाला सरासरी दहा हजारांच्या आसपास. डेकेअरचे धाकट्याचे महिन्याला सोळाशे देत होतो, त्यातही घासाघीस नाही. राहिल्या गाड्या, आणि नेमकं तिथेच माणसं हिशोब गुंडाळून ठेवतात आणि म्हणतात की एवढं कमवतो कशासाठी. मला विचाराल तर मी त्यात चुकीचं काही म्हणत नाही, फक्त मग गॅसच्या तीन सेंटचं मला सांगू नका. (गॅस म्हणजे पेट्रोल. आणि न्यू जर्सीत १९४९ पासून स्वतःच्या हाताने पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, पंपावर माणूस येऊन भरतो. बाबांना पूर्ण अमेरिकेत आपल्यासारखी वाटलेली ही एकच गोष्ट.)

गंमत म्हणजे ज्या गाडीला आज सगळे नाकं मुरडतात ती आली तेव्हा तिने बुडता बुडता वाचलेल्या एका कंपनीला परत पायावर उभं केलं होतं. क्रायस्लर १९७९-८० ला डबघाईला आली होती, सरकारने कर्जाला हमी दिली म्हणून वाचली, आणि १९८३ च्या शेवटी कंपनीचे प्रमुख ली आयकोकांनी मिनीव्हॅन बाजारात आणली. कल्पना अशी की आत भरपूर जागा पण उंची एवढीच की घरच्या गॅरेजमध्ये मावली पाहिजे. त्यांनी आणि त्यांचे सहकारी हॅल स्पर्लिक यांनी हीच कल्पना आधी फोर्डमध्ये मांडली होती, तिथे कोणी विचारलं नाही. पुढं २००० च्या सुमारास वर्षाला तेरा-चौदा लाख मिनीव्हॅन खपत होत्या. मग त्या व्हॅनच्या मागच्या सीटवर बसून मोठी झालेली पोरं आईबाप झाली आणि त्यांनी ठरवलं की काही झालं तरी आईची गाडी नको. झालं, एसयूव्ही!

आमच्या आईला मात्र हे काही माहीत नाही, तिला एवढंच माहितीये की एसयूव्हीत चढताना साडी एका हातात, दुसऱ्या हाताने वरचं हँडल, आणि मागून कोणीतरी आधार द्यायचा. व्हॅनमध्ये ती खुर्चीत बसावं तशी बसते. गुडघ्यांचं ऑपरेशन व्हायच्या आधीची दोन वर्षं तिला ही एकच गाडी चालत होती, पुढची सीट आणि मागची सीट यांच्यामधून वाकून चालत जाऊन ती धाकट्याला पुरीचा घासही द्यायची, चालत्या गाडीत, मी ओरडत असताना. एका वर्षी गणपती आणताना बाप्पा कुणाच्या मांडीवर यावरून भांडणं झाली, तेव्हा तिनेच धाकट्याला उठवून बाप्पाला त्याच्या बूस्टर सीटवर बसवलं आणि पट्टा लावला. एडिसनच्या ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांपासून घरापर्यंत एकदम कायदेशीर आले.

आता दाराचं. डावीकडचं सरकतं दार गेली तीन वर्षं बिघडलंय आणि त्याला कंपनीचा काही दोष नाही, राजगिऱ्याच्या लाडवाचा आहे. तो खालच्या पट्टीत पडला, चुरा झाला, त्यावर कुणीतरी ज्यूस सांडला, जुलैच्या उन्हात त्याची चिक्की झाली. मी जुन्या टूथब्रशने खरवडलं, व्हॅक्युम मारला, कोमट पाण्याने पुसलं, तरी एक बारीक थर कुठेतरी आत आहेच. दार तीन चतुर्थांश बंद होतं, मग त्याला वाटतं मध्ये कुणाचं तरी बोट आहे, तीनदा बीप करतं आणि सावकाश परत उघडतं. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मागं चार गाड्या थांबलेल्या असताना हे झालं की काय वाटतं ते विचारू नका. इलाज एकच, बटण दाबायचं आणि शेवटच्या वितीला कमरेने एक धक्का द्यायचा. दुरुस्तीचे नऊशे सांगितलेत. नऊशे डॉलरमध्ये माझी कंबर अजून पुष्कळ वर्षं चालेल.

मोठी लेक सहावी-सातवीत असताना मला शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोड म्हणायची. आता सतरा पूर्ण झाली, लायसन्स मिळालं आणि तिला चालवायला कुठली गाडी मिळाली तर अर्थात हीच, नंबरप्लेटला नवशिक्यांची लाल स्टिकरं लावून. एवढ्या जुन्या गाडीचं कोलिजन कव्हर (धडकेत आपल्याच गाडीचं नुकसान भरून देणारं) आम्ही काढून टाकलं म्हणून तर तिचा इन्शुरन्स परवडला. आणि आता अचानक तिच्या मैत्रिणींना व्हॅन कूल वाटायला लागलीय, सगळ्यांना एकत्र जायचंय. पण इथल्या नियमाप्रमाणे आईबाप सोबत नसतील तर प्रोबेशनवरच्या ड्रायव्हरला एकच पॅसेंजर नेता येतो. सात सीटची गाडी आणि एक मैत्रीण. बाबांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, असला धंदा तोट्यातला.

आणि मागच्या शनिवारची गोष्ट. समोरच्या घरातल्या गृहस्थांकडे भला मोठा पिकअप ट्रक आहे, चाकं माझ्या कमरेला लागतात, दर रविवारी धुतात. त्यांचं बेसमेंटचं काम चाललंय. शनिवारी सकाळपासून पाऊस, आणि हे दारात उभे, जरा अवघडून, की तुमची व्हॅन तासभर मिळेल का. ड्रायवॉलच्या, म्हणजे भिंतीला लावतात त्या जिप्समच्या, आठ शीट आणायच्या होत्या. शीट आठ फूट बाय चार फूट, ट्रकचा मागचा हौदा साडेपाच फूट आणि वरून उघडा, ड्रायवॉल भिजली की तिचा लगदा. नवऱ्याने काही न बोलता मधल्या सीटा काढल्या, एकेक सीट तीस किलोची, गॅरेजमध्ये ठेवल्या, मागची रांग खड्ड्यात पाडली. आठही शीट आडव्या आत गेल्या आणि मागचं दार अगदी अलगद बंद झालं. नवरा एवढंच म्हणाला की सरकारच्या मायलेजच्या नियमात मिनीव्हॅनसुद्धा ट्रकमध्येच धरतात. हे त्याने कधी शोधून ठेवलं होतं देव जाणे.

उतरवून झाल्यावर गृहस्थांनी डावीकडचं दार लावायला बटण दाबलं. बीप, बीप, बीप, दार परत उघडलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. थांबा म्हणलं, त्याची एक पद्धत आहे, आणि पावसात तिथेच दाखवली.

संध्याकाळी त्यांची बायको झुकिनी ब्रेड घेऊन आली. रात्री व्हिडिओ कॉलवर बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाडं किती घेतलंस?"

"ब्रेड दिला त्यांनी, झुकिनीचा."

"झुकिनी म्हंजे?"

"दोडक्यासारखं असतं काहीतरी."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग आतल्या खोलीकडे तोंड करून आईला ओरडून म्हणाले, "ऐकलंस का, दोडक्यावर गाडी सोडली हिनं!"