कंपनीचं पिस्तूल: स्क्रू सुटला, घोळ वाढला

सुटला एकदाचा! पिस्तुलाच्या लॉकचा, म्हणजे घोड्याच्या यंत्रणेचा, मागचा स्क्रू, ज्याने माझा अख्खा जून खाल्ला. फवाऱ्याची महागडी तेलं वाया गेली. शेवटी अ‍ॅसिटोन आणि पॉवर स्टिअरिंगचं तेल निम्मं-निम्मं, दोन रात्री थेंब-थेंब. सगळं पुसून, वास गेल्यावर सोल्डरिंग आयर्न डोक्याला टेकवलं. नागदेवीच्या हत्यारबाजारातून आणलेला स्क्रूड्रायव्हरचा बिट खाचेच्या मापाला घासून घेतला होता. पाचरीसारख्या टोकाचा स्क्रूड्रायव्हर लावू नका, खाच फाटते.

नव्यांसाठी एवढंच: हे चोरबाजारातलं ठासणीचं पिस्तूल, नळी आणि निपल (स्फोटक टोपी बसते ते टोक) कायमचे बंद. लॉकवर ईस्ट इंडिया कंपनीचा बदामाचा शिक्का, म्हणजे लॉक 1808 च्या आधीचं, कारण त्यानंतर सिंहाचा शिक्का आला. ते मुळात चकमकीचं (गारगोटीच्या ठिणगीवर चालणारं), पुढे टोपीचं केलेलं. नळी मात्र जन्मापासूनच टोपीची, निपल धरणारा उंचवटा तिच्या अंगचाच. म्हणजे लॉक आणि नळीत बऱ्याच वर्षांचं अंतर.

माझा संशय लॉकवर होता. सिंहवालं लॉक शोधायला दोघांना सांगूनही ठेवलं होतं. पण लॉक उलटं केलं तर आत कानशीचे तीन चरे, एकाच पिस्तुलाचे भाग ओळखायची कारागिराची खूण. दस्त्याच्या खोबणीत तीन. नळीची शेपटी दस्त्याला धरणाऱ्या स्क्रूवर तीन. नळीखाली चार! पाहुणी नळी निघाली. रात्री साडेबाराला एकटाच हसत बसलो.

मग वाटलं, कंपनीच्याच शस्त्रागारात नळी बदलली असेल. तसं असतं तर तुकडा सोन्याचा. नळीच्या खोबणीचं लाकूड मागच्या टोकाला छिन्नीने वाढवलेलं, पण रंग सगळीकडे सारखाच काळपट. खूश झालो. खात्रीसाठी स्पिरिटचा कापूस फिरवला आणि कापूस तपकिरी. खाली ताजं, फिकट लाकूड. बुटांचं पॉलिश! लॉकच्या घरात तोच कापूस फिरवला तर पांढराच्या पांढरा. म्हणजे लॉक-दस्त्याचं लग्न जुनं, नळीचं चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर लावलेलं.

विकणारे चाचा म्हणाले होते, "एकदम ओरिजिनल, साहेब." दोन्ही अर्धी ओरिजिनलच आहेत म्हणा.

सिंहवाल्या लॉकचा शोध रद्द. चकमकीची नळी शोधणार होतो, पण हे लिहिता लिहिताच विचार बदलला: दस्ता आणि लॉक एका फळीवर, नळी दुसऱ्या. पावसाळाभर दोन्हींवर मेणाचा हात. कोणाकडे तीन चऱ्यांची बंद नळी पडून असेल, तर मात्र आधी मला सांगा.