तुम्ही विचारलंत म्हणून : बुलेट ट्रेनच्या देशात जुन्या गाड्यांमागे कशाला?

योकोहामाला राहते म्हटलं की लोक आधी साकुराचं विचारतात, मग शाकाहारी जेवणाचं कसं जमतं ते विचारतात, आणि मी फोनवरचे फोटो दाखवायला लागले की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘अहो, बुलेट ट्रेनच्या देशात राहून या जुन्यापान्या मोटारगाड्यांचे फोटो कसले काढता?’ मावशीची काळजी वेगळी. ‘अनोळखी माणसाच्या गाडीभोवती घिरट्या घालतेस, मालक ओरडत नाहीत का गं?’ मामेभाऊ तर थेट नवऱ्याकडे बघून डोळे मिचकावतो. नवऱ्याच्या लेखी गाडी म्हणजे पावसात न भिजता स्टेशनला पोचवणारं यंत्र. नाद माझा आहे. तर विचारलंतच म्हणून सगळं एकदाचं सांगून टाकते.

कारण साधं आहे. या गाड्या चालतात.

नागोयाजवळ नागाकुतेला टोयोटाचं मोटार संग्रहालय आहे, १९८९ पासूनचं. तिथे टोयोटा २०००जीटी बघायला मिळते. यामाहाच्या मदतीने १९६७ ते १९७० या काळात बनलेली, जगात जेमतेम साडेतीनशे निघालेली. देखणी म्हणजे किती देखणी! प्रकाशयोजना उत्तम, रंगावर बोटाचा ठसा नाही, टायरवर धूळ नाही. मी तिच्याभोवती पुष्कळ वेळ काढला आणि कॅमेरा मात्र फारसा काढला नाही. तिच्याबद्दल जे सांगण्यासारखं होतं ते शेजारच्या पाटीवर लिहिलेलं होतं. मला हात शिवशिवतात ते नाकावर किडे चिकटलेली, चाकांच्या जाळीत ब्रेकची काळी भुकटी बसलेली गाडी दिसली की. ती आत्ता कुठूनतरी आलेली असते आणि तासाभराने कुठेतरी जाणार असते.

आणि गाडी चालती ठेवणं इथे स्वस्त नाही. सरकार जुन्या गाड्यांचे लाड करत असेल असा आपल्याकडे समज दिसतो; उलट आहे. पेट्रोलच्या गाडीला पहिल्या नोंदणीपासून तेरा वर्षं झाली की वार्षिक वाहनकर साधारण १५ टक्क्यांनी वाढतो. वजनावरचा कर वेगळा. तो तेराव्या वर्षी वाढतो आणि अठराव्या वर्षी पुन्हा. दर दोन वर्षांनी ‘शाकेन’ नावाची तपासणी. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सगळं बघतात, आणि पास झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय शहरात मोटार नावावर करायची तर घरापासून दोन किलोमीटरच्या आत तिला उभं करायला जागा आहे, असा पोलिसांचा दाखला लागतो. म्हणजे रोजची एक गाडी आणि हौसेची एक अशा दोन जागा आल्या, आणि टोकियो-योकोहामात जागेचं भाडं काय असतं ते मुंबईकरांना सांगायला नको. पंधरा वर्षांनंतरची आरटीओची फेरनोंदणी आणि हरित कर यांनी आपल्याकडे जे वैतागलेत, त्यांची इथल्या मालकांशी भाषा न येताही दोस्ती होईल.

म्हणून इथे रस्त्यावर दिसणारी प्रत्येक जुनी गाडी कुणीतरी हट्टाने चालती ठेवलेली असते. आपल्या व्हिंटेज रॅल्यांत संस्थानिकांच्या, बड्या घराण्यांच्या गाड्या फार. इथे भेटतात ते निवृत्त इंजिनिअर, दाताचे डॉक्टर, छोटे कारखानदार. तरुणपणी जी परवडली नाही ती पन्नाशीत घेतलेली, किंवा तरुणपणी घेतलेलीच अजून न विकलेली.

आता कुठे बघायच्या? परदेशी पाहुण्यांना दाइकोकू हे नाव पाठ असतं. योकोहामा बे ब्रिजच्या एका टोकाला, गोल गोल फिरत उतरणाऱ्या रॅम्पांच्या मधोमध असलेला हा एक्स्प्रेसवेवरचा विश्रांतीथांबा. चालत जाता येत नाही, एक्स्प्रेसवेवरूनच शिरायचं. शुक्रवार-शनिवारी रात्री तिथे निऑन दिवे, कानठळ्या बसवणारे एक्झॉस्ट आणि त्याहून जास्त फोन असतात. मग पोलीस येतात आणि थांबा बंद करतात. मला त्या गर्दीत गाड्या दिसतच नाहीत, गाड्यांचे फोटो काढणारे दिसतात. तिथेच रविवारी सकाळी लवकर जा. वातावरणच पालटलेलं असतं. थर्मासमधून चहा पिणारी माणसं, आणि मधेच एखादी जुनी आल्फा रोमिओ.

पण माझी खरी जागा म्हणजे हाकोनेचे डोंगर. अंधार असताना घर सोडायचं, ओदावारा-आत्सुगी रस्ता धरायचा (इथे वेगमर्यादा मुकाट्याने पाळा, साध्या गाडीच्या वेषातल्या पोलिसांसाठी हा रस्ता प्रसिद्ध आहे) आणि ओदावाराच्या पुढे समुद्राला पाठ करून टर्नपाइकला लागायचं. हा खाजगी टोलरस्ता. त्याच्या नावाचे हक्क विकले जातात. आधी एका टायर कंपनीचं नाव होतं, मग माझदाचं, आणि २०१८ पासून रंगाच्या स्प्रे गन बनवणाऱ्या आनेस्ट इवाताचं आहे. जवळजवळ समुद्रसपाटीपासून निघून साधारण चौदा किलोमीटरमध्ये तो तुम्हाला दाइकानझान नावाच्या माथ्यावर, १,०११ मीटरवर आणून सोडतो. रुंद रस्ता, लांबलचक वळणं, ट्रक जवळपास नाहीत. घाट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर जे येतं तसं यात काही नाही. चढ मात्र सलग आहे, आणि कार्ब्युरेटरच्या (म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या यंत्राच्या) गाडीची परीक्षा तिथेच होते. वर हवा विरळ, पेट्रोल मात्र खालच्या हवेच्या हिशेबाने लावलेलं. त्यामुळे माथ्यावर पोचेपर्यंत इंजिन जरा घुसमटल्यासारखं बोलू लागतं आणि पार्किंगमध्ये न जळलेल्या पेट्रोलचा वास पसरतो. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या गाड्यांना धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने मी त्याचं समर्थन करणार नाही. वास मला आवडतो, एवढंच.

माथ्यावर एका बाजूला खाली आशी तलाव, त्यामागे फुजी. आणि समोर रांगेत निस्सानची १९६९ पासूनची फेअरलेडी झेड, चौकोनी अंगाची हाकोसुका स्कायलाइन, बुटकीशी टोयोटा स्पोर्ट्स ८००, जिचं वजन अवघं ५८० किलो. फार नशीब असलं तर माझदाची १९६७ ची कॉस्मो स्पोर्ट, दोन रोटरचं इंजिन असलेली. तिला पिस्टनच नाहीत, त्यामुळे ती जाताना जो गुणगुणाट होतो तो बाकी कुणासारखाच नाही.

माझी नजर आधी कुठे जाते, तर आरशांकडे आणि नंबरप्लेटकडे. जपानमध्ये १९८३ पर्यंत दारावर आरसे लावायला परवानगी नव्हती. ते पुढे, बॉनेटच्या दोन्ही कडांवर, चाकांच्या वर असायचे. झेडचं ते लांबच लांब बॉनेट आणि त्याच्या टोकाकडे दोन छोटे आरसे, म्हणजे ही गाडी बहुधा इथेच विकली गेली, इथेच राहिली. अमेरिकेत गेलेल्या झेडला २.४ लिटरचं इंजिन होतं. इथे सुरुवातीला दोन लिटरचंच, कारण दोन लिटरच्या वर गेलं की त्या काळी कर एकदम चढायचा. हल्ली अमेरिकेतून परत आणलेल्या गाड्याही दिसतात. स्टिअरिंग डावीकडे असलं की ओळखायचं.

प्लेटवर वरच्या ओळीत विभागाचं नाव आणि शेजारी वाहनाच्या वर्गाचा आकडा असतो. आज तो तीन अंकी असतो, नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत दोन अंकी होता, आणि साठच्या दशकात एकच अंक. गाडी दुसऱ्या विभागात गेली की प्लेट बदलते. म्हणजे ‘योकोहामा’ आणि पुढे नुसता ‘५’ दिसला, तर ती गाडी पन्नासहून अधिक वर्षं याच विभागाच्या नोंदीत आहे, एकदाही बाहेर गेलेली नाही. खरेदीच्या कागदांपेक्षा मला ही एका अंकाची प्लेट जास्त बोलकी वाटते. आणि नेमकी तीच मला झाकावी लागते! इथला शिरस्ता आहे, दुसऱ्याच्या गाडीचा फोटो कुठेही टाकायचा तर नंबर पुसायचा. मालकाला प्रिंट देते त्यात अर्थातच ठेवते.

मालक ओरडतात का, तर नाही. ‘शाशिन तोत्ते मो ई देस का’ (फोटो काढला तर चालेल का?) एवढं वाक्य पाठ करा आणि ते कॅमेरा वर करण्याआधी म्हणा, नंतर नव्हे. ‘दोझो, दोझो’ (काढा, काढा) म्हणत माणूस दोन पावलं मागे सरतो. होंडा एस८०० वाल्या एका आजोबांनी तर मला थांबवलं. आधी सीटवरचं जाकीट आणि नकाशा उचलला, मग डिकीतून पिवळं फडकं काढून हेडलाइटची काच पुसली, मग खिडकीतून हात घालून स्टिअरिंग फिरवलं आणि पुढची चाकं अशी वळवली की त्यांचा तोंडवळा माझ्याकडे आला. हे फोटोग्राफीच्या वर्गात शिकवतात! मी काढत असताना ते बाजूला उभे राहून आकाशाकडे बघत होते. झाल्यावर त्यांनी आपणहून बॉनेट उघडलं. ७९१ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, आणि प्रत्येकाला स्वतंत्र केहिन कार्ब्युरेटर, चारही एका ओळीत आडवे. एका नटावर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ होती. त्यांनी बोटाने दाखवलं : नट आवळला की रेघ ओढायची, दर रविवारी निघण्याआधी रेघ जुळते का बघायचं. सैल झाला असेल तर रेघ तुटलेली दिसते. त्या सकाळचा माझा सगळ्यात चांगला फोटो त्या रेघेचा आणि नखात ग्रीस गेलेल्या त्या बोटाचा आहे. अख्ख्या गाडीचा फोटोही बरा आला आहे. तसे बरे फोटो पुष्कळांकडे असतात.

फोटोच्या युक्त्याही सगळे विचारतात, म्हणून थोडं तेही. उभं राहून डोळ्यांच्या उंचीवरून काढलेला गाडीचा फोटो हा पार्किंगचा फोटो होतो. गुडघ्यावर बसा, कॅमेरा हेडलाइटच्या पातळीला आणा. फार जवळून, रुंद लेन्सने काढू नका, नाक फुगतं आणि गाडीचं प्रमाण बिघडतं. चार पावलं मागे जा आणि झूम करा. पोलरायझिंग फिल्टर जवळ ठेवा. काचेवरचं आभाळ त्याने कमी होतं आणि आतलं लाकडी स्टिअरिंग दिसू लागतं. मात्र पूर्ण फिरवू नका, रंगावरची थोडी चमक राहू द्या, नाहीतर पत्रा मेल्यासारखा दिसतो. क्रोमच्या बंपरमध्ये तुम्ही स्वतः दिसताच. मी काळ्या कपड्यांत जाते, त्यावरून सासूबाईंचं मत काय आहे ते इथे लिहीत नाही.

दाइकानझानवरून फुजी वायव्येकडे आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी असतो, गाडी आणि डोंगर दोघांवर एकच उजेड. दहानंतर, विशेषतः उन्हाळ्यात, फुजी ढगात जातो आणि मग लोकही जेवायला जातात.

चालत्या गाडीसाठी शटर हळू ठेवायचं. १/६० सेकंदाने सुरुवात करा, गाडीबरोबर कमरेतून वळा, आणि फोटो निघाल्यावरही वळत राहा. डझनावारी फोटो टाकून द्यावे लागतात, ते धरूनच चालायचं. १/१००० ने काढलात तर सगळं लख्ख येईल, चाकाच्या आऱ्यासुद्धा मोजता येतील, आणि धावती झेड रस्त्यात बंद पडल्यासारखी दिसेल. वळणावर रस्त्याच्या कडेला मात्र उभं राहायचं नाही. ही माणसं आपल्यासाठी जोरात जातील असा मोह त्यांनाही नको आणि आपल्यालाही नको. पार्किंगमधून निघतानाचा हळू वेग पुरतो. कित्येकदा मी कॅमेरा खाली ठेवते, कारण सहा सिलिंडरचं इंजिन तीन सोलेक्स कार्ब्युरेटरवर श्वास घेत दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जातं ते ऐकायचं असतं, आणि व्हिडिओत तो आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो.

यायचंच असेल तर थंडीत या, हवा स्वच्छ असते. जानेवारी-फेब्रुवारीत वर बर्फ असू शकतं, तेवढं निघण्याआधी बघा. जपान आपल्यासारखाच डावीकडून चालतो आणि भारतात काढलेलं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट इथे चालतं. जुन्या स्पोर्ट्स कार भाड्याने देणारेही आहेत. घ्यायची असेल तर चोक (थंड इंजिन सुरू करताना ओढायची खुंटी) कसा आणि किती ओढायचा ते आधी नीट विचारून घ्या, कारण आपल्याकडेही आता तो फारसा कुणाला आठवत नाही. आणि टर्नपाइक उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या जोरावर उतरा. ब्रेक गेलेल्या गाड्या घुसवण्यासाठी तिथे कडेला चढाव बांधून ठेवलेत, ते शोभेचे नाहीत.