मुलांच्या पुस्तकावरचा चित्रपट शहरात आणायचा तर

शूटिंग आपल्याकडे यावं म्हणून शहरं किल्ले, नदीकाठ आणि जुन्या वाड्यांचे देखणे फोटो छापतात. मुलांच्या पुस्तकावर चित्रपट करणारा लाइन प्रोड्युसर, म्हणजे शूटिंगचा खर्च आणि व्यवस्था पाहणारा माणूस, मात्र आधी विचारतो की इथे बालकलाकारांच्या कामाचे दिवसाला किती तास मिळतील. शूटिंगचे दिवस, बजेट, सेट की खरं लोकेशन, हे सगळं त्या उत्तरावर ठरतं.

इंग्लंडमध्ये २०१४च्या नियमांनुसार ९ वर्षं पूर्ण झालेलं मूल चित्रीकरणाच्या ठिकाणी जास्तीत जास्त साडेनऊ तास थांबू शकतं, त्यात प्रत्यक्ष काम ५ तास. ५ ते ८ वर्षांच्या मुलासाठी हेच आकडे ८ आणि ३. भारतात १४ वर्षांखालच्या मुलांना दिवसाला ५ तास, विश्रांतीशिवाय ३ तासांपेक्षा जास्त नाही आणि सलग २७ दिवसांपेक्षा जास्त काम देता येत नाही. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि कमाईतली किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावाने मुदत ठेवीत जाते. हे नियम असायलाच हवेत. त्यातून पळवाट काढून देणारं शहर नको. ते पाळणं सोपं करणारं शहर हवं.

ते कसं, हे साडेनऊ तासांच्या हिशेबातून कळतं. अभ्यासाचे ३ तास, जेवण, मधल्या सुट्ट्या, मेकअप आणि कपडे वजा केले की कॅमेऱ्यासमोर जेमतेम साडेतीन-चार तास उरतात. आता व्हॅनिटी (कलाकारांची मेकअप-विश्रांतीची गाडी) आणि अभ्यासाची खोली लोकेशनपासून १० मिनिटांवर असेल आणि मूल दिवसात चारदा जाऊन-येऊन करत असेल, तर ८० मिनिटं नुसती चालण्यात जातात. म्हणून रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, आलेल्या माणसाला सुंदर गल्ली दाखवताना त्या गल्लीपासून दोन-तीन मिनिटांवरचं मैदान किंवा रिकामी इमारतही दाखवावी. अभ्यासाच्या खोलीत उजेड आणि पंखा हवा, जवळ स्वच्छतागृह हवं आणि जनरेटर तिथून लांब हवा. लाइटचं सामान ठेवायला तीच खोली दिली की दुसऱ्या दिवसापासून अभ्यास जिन्यात सुरू होतो.

गर्दीच्या दृश्यांचं गणित तर फारच कमी जण आधी मांडतात. इंग्लंडमध्ये एका चॅपरोनकडे, म्हणजे सेटवर मुलांची जबाबदारी घेणाऱ्या माणसाकडे, १२ पेक्षा जास्त मुलं देता येत नाहीत. शाळेच्या प्रार्थनेला २०० मुलं उभी करायची तर १७ चॅपरोन लागणार. भारतात एका जबाबदार व्यक्तीकडे जास्तीत जास्त ५ मुलं, म्हणजे ४० माणसं. पार्श्वभूमी तपासलेल्या अशा माणसांची यादी शहराच्या फिल्म ऑफिसकडे तयार असेल, तर ते करसवलतीच्या जाहिरातीपेक्षा मोलाचं आहे. करसवलत बहुतेक ठिकाणी राज्य किंवा देश देतो, ती शहराच्या हातात नसते.

उशिराची किंमतही इथे वेगळी आहे. पुस्तकातली मुलगी कायम आठ वर्षांची राहते, तिचं काम करणारी मुलगी नाही. परवानगी दोन महिने लांबली की एखादा दुधाचा दात पडलेला असू शकतो आणि दंतवैद्याकडून खोटा दात बनवून घ्यावा लागतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा आवाज मध्येच फुटला तर आधीच्या दृश्यांशी जुळत नाही. शिवाय शाळेची इमारत सुट्टीतच मिळते. म्हणून ना हरकत पत्रं सुट्टीच्या तीन-चार महिने आधी, एकाच टेबलावरून मिळायला हवीत. गोष्टीत प्राणी असतील तर पशुवैद्यकीय परवानगीही त्यातच धरावी. नार्निया या मुलांच्या पुस्तकमालिकेवरच्या २००५च्या चित्रपटासाठी न्यूझीलंडने रोगाच्या भीतीने रेनडिअर आणू दिले नाहीत; शेवटी यांत्रिक रेनडिअर वापरावे लागले.

आणखी एक चूक वारंवार होते. चित्रपट येणार म्हटल्यावर उत्साहाच्या भरात पुस्तकातल्या पात्राचं चित्र बसवर, फलकावर झळकतं. लेखकाने चित्रपटाचे हक्क दिले म्हणून शहराला काहीच मिळालेलं नसतं. पुस्तकातली चित्रं काढणाऱ्या चित्रकाराचे हक्क बहुधा लेखकापेक्षा वेगळे असतात, आणि चित्रपटातला पात्राचा चेहरा निर्मिती संस्थेचा. पर्यटनासाठी नाव, चित्र आणि सेटचे फोटो वापरायचे असतील तर शूटिंगची परवानगी देतानाच तसं लेखी ठरवावं. चित्रपट चालल्यावर तीच गोष्ट कितीतरी महाग पडते.

सेटचंही तसंच. न्यूझीलंडमध्ये माटामाटाजवळच्या शेतावर 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या चित्रपटांसाठी हॉबिटांचं (गोष्टीतल्या बुटक्या लोकांचं) गाव पहिल्यांदा उभं राहिलं ते तात्पुरत्या सामानाचं होतं आणि नंतर त्यातलं बरंचसं काढून टाकलं गेलं. 'द हॉबिट' या नंतरच्या चित्रपटांच्या वेळी ते टिकाऊ सामानाने पुन्हा बांधलं, म्हणून आज लोकांना तिथे फिरता येतं. थर्माकोल आणि प्लायवूडचा सेट एका पावसाळ्यात फुगतो आणि आगीलाही धोकादायक असतो. तो ठेवायचा असेल तर आर्ट डायरेक्टरला पाया घालायच्या आधी सांगावं लागतं, आणि टिकाऊ बांधकामाचा जादा खर्च, देखभाल आणि विमा कोणाच्या नावावर हे करारात लिहावं लागतं.