पैसे खड्ड्याचे की रस्त्याचे?

रस्ते देखभालीच्या कंत्राटाची कागदपत्रे हाती आली की निविदेतला आकडा पाहण्याआधी मी देयकाचे कलम शोधतो. पैसे नेमके कशाचे द्यायचे ठरले आहे हे कळले, की पुढचा पावसाळा संपल्यावर रस्ता कसा दिसेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो.

जुन्या आणि आजही सर्रास चालणाऱ्या पद्धतीत कामाच्या प्रत्येक बाबीचा दर ठरतो आणि मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीनुसार देयक निघते. खड्डा नीट बुजवायचा तर त्याच्या कडा सरळ कापायच्या, आतली धूळ आणि पाणी काढायचे, तळाला व कडांना डांबराचा पातळ हात द्यायचा, गरम मिश्रण भरायचे आणि ते निवण्याआधी रोलर फिरवायचा. यातले निम्मे काम नंतर वरून दिसत नाही; दिसतो तो काळा चौकोन, आणि पुस्तिकेत चढतात ते त्याचे चौरस मीटर. ओल्या खड्ड्यात फावड्याने मिश्रण टाकून ट्रकच्या चाकाने दाबले तरी चौरस मीटर तेवढेच भरतात. शिवाय दोषदायित्वाचे कलम, म्हणजे ठरलेल्या मुदतीत काम बिघडले तर ठेकेदाराने ते स्वखर्चाने दुरुस्त करायची अट, कोणी बाहेर काढले नाही, तर उखडलेल्या त्याच खड्ड्याचे नवे देयकही निघते. ठेकेदार लबाड असतो म्हणून असे होते, हे मला फारसे पटत नाही. त्याला खड्ड्यांवर पोसायचे आपणच ठरवलेले असते.

यावर उपाय म्हणून कामगिरीवर आधारित कंत्राटे आली. १९८८ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने हा मार्ग धरला. यात खड्ड्यांची संख्या मोजत बसायचे नाही. रस्ता ठरलेल्या दर्जाचा राहिला तर ठरलेली रक्कम द्यायची, नाहीतर कापायची.

पण मग भांडण दर्जावर आणि नोंदींवर येते. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या नगर परिषदेने २०१० मध्ये शहरातल्या रस्त्यांसाठी २५ वर्षांचे कंत्राट दिले. त्याला जोडलेली रस्त्यांची माहिती जमिनीवरच्या परिस्थितीशी पुरती जुळत नव्हती, आणि सुधारायचे ते कागदावरचे रस्ते की प्रत्यक्षातले, असा वाद थेट न्यायालयात गेला. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने परिषदेच्या बाजूने कौल दिला आणि २०१९ मध्ये ठेकेदार कंपनीने कंत्राटातून बाहेर पडण्यासाठी २१.५ कोटी पौंड देण्याचे मान्य केले. परिषद जिंकली खरी, पण एवढी वर्षे वकिलांबरोबर काढायला कोणत्या लहान गावाला परवडेल?

म्हणून दीर्घ मुदतीचा ठेका देतानाही स्वतःचे दोन-चार अभियंते हाताशी ठेवावेत, असे माझे मत आहे. कारण काम बाहेर दिले की ते ओळखणारी माणसेही हळूहळू पांगतात. त्या अभियंत्यांकडे प्रत्येक दुरुस्तीची जागा आणि तारीख टिपलेली वही असावी, आणि तीच जागा मुदतीत पुन्हा उखडली तर ते चौरस मीटर देयकातून वजा करण्याचा अधिकार कंत्राटातच लिहिलेला असावा.