कळलं कसं नाही?

"रोज त्याच घरात वावरत होतात, मग तुळई आतून पोखरली गेली हे तुम्हाला कळलं कसं नाही?" हा प्रश्न मला नणंदेने विचारला आहे, शेजाऱ्यांनी आणि बँकेतल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, आणि वाडा पाहायला आलेल्या दोन बिल्डरांनीही विचारला आहे. प्रत्येक वेळी मी अर्धवट काहीतरी बोलून विषय बदलत आले. नाशिकच्या सराफ बाजारामागच्या उतारावरचा आमचा वाडा तुम्ही पाहिलेला आहे, त्यामुळे त्याचे वर्णन करत बसत नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आता एकदाच, जेवढे माझ्याजवळ आहे तेवढे सगळे सांगते.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की वाळवी उजेडात काम करत नाही. जमिनीतून येणारी वाळवी ओलाव्याशी संबंध तोडत नाही. ती मातीच्या बोगद्यातून वर चढते, लाकूड आतून खाते आणि वरचा पापुद्रा तसाच ठेवते. आमच्या तुळयांना मी स्वतः दोनदा ऑइल पेंट लावून घेतला होता. तो रंग शेवटच्या दिवसापर्यंत चकचकीत होता. त्याच्या आत लाकूड उरले नव्हते, हे बाहेरून पाहणाऱ्याला कोणत्या खुणेवरून कळावे? शिवाय सासरे नेहमी सांगत की हे अस्सल सागवान आहे, याला वाळवी शिवत नाही. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. सागाच्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण वर्षानुवर्षे भिजत राहून कुजू लागलेल्या लाकडाला आणि कडेच्या पांढऱ्या भागाला ते संरक्षण राहत नाही. ही दुसरी अर्धी गोष्ट मला कोणी सांगितली नाही आणि मीही कोणाला विचारली नाही.

ती तुळई भिजत होती, आणि ती मी भिजवली होती. २०१० साली आम्ही वरच्या मजल्यावर सासूबाईंच्या खोलीला लागून शौचालय आणि न्हाणी करून घेतली, तिचा पाइप माजघराच्या भिंतीच्या कोपऱ्यातून खाली आणला, आणि त्याच कामात खालच्या भिंतीचा चुन्याचा गिलावा फोडून सिमेंटचा केला व शहाबादी फरशी काढून टाइल्स बसवल्या. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीचा ओलावा बाहेर पडून जातो, सिमेंटच्या आड तो कोंडला जातो. पाइपचा एक सांधा नेमका तुळईच्या टोकापाशी झिरपत होता, आणि मातीत रचलेल्या विटांच्या त्या भिंतीच्या पोटातून वाळवीला वरपर्यंत ओली वाट मिळाली. पूर्वी भिंतीवर मातीची रेघ दिसली की आम्ही झाडूच्या दांड्याने ती खरवडून टाकत असू. नव्या गिलाव्यावर तशी रेघ कधीच दिसली नाही, आणि मला वाटले की घर सुधारले.

त्या वर्षीच्या माझ्याशी मी अनेकदा भांडले आहे. मी तिला म्हणते की निदान पाइप भिंतीबाहेरून न्यायचा होतास. ती मला विचारते की पंचाहत्तरीच्या बाईने रात्री अंधारात तो उभा जिना उतरून चौकातल्या न्हाणीत जायचे, हे तुला चालले असते का? यावर माझ्याजवळ उत्तर नाही. न्हाणी आवश्यकच होती, आणि आजही मी ती बांधून घेईन.

मग खुणा. खुणा होत्या, हे मान्य करते. २ ऑगस्ट २०१६ च्या पुरात चौकात गुडघाभर पाणी शिरले होते. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या छातीला पाणी लागले की आमच्या भागात सामान वर चढवायचे, हे लहान मुलालाही ठाऊक असते. आम्हीही ते केले, आणि गंगा, म्हणजे आमची गोदावरी, उतरल्यावर चार दिवस गाळ उपसला. त्यानंतर घरातल्या प्रत्येक ओलीला पूर हे कारण मिळाले. माजघराच्या कोपऱ्यातला डाग दर दिवाळीला पुट्टी भरून रंगवताना मी हेच म्हणत असे, जरी पुराचे पाणी त्या उंचीच्या निम्म्यालाही पोहोचले नव्हते. पहिल्या पावसानंतर देव्हाऱ्याखाली वाळवीच्या उडत्या किड्यांनी टाकलेल्या पंखांचा पसाभर ढीग पडलेला असे, तो मी केरात भरत असे. दिव्याच्या उजेडाने किडे बाहेरून येतात, असे मी धरून चालले होते; खिडक्या बंद असतानाही ढीग तिथेच कसा पडतो, हा विचार मनात आला नाही. झुरळांसाठी औषध मारायला येणाऱ्या माणसाला मी एकदा तो कोपरा दाखवलाही होता. त्याने भिंतीवर फवारा मारला आणि काळजीचे कारण नाही म्हणून सांगितले.

आणि सासूबाई. इतके दिवस मी विषय बदलत आले, ते या भागापाशी येऊन. २०१७ च्या पावसाळ्यापासून त्या म्हणत होत्या, "अगं, रात्री कूस बदलली की माझी खाट हलते." मी खाटेच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली. काही महिन्यांनी त्या म्हणाल्या की खोलीत चालताना जमीन पायाखाली दबल्यासारखी वाटते. मी त्यांना चक्कर येते असे समजून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी मी जे सांगितले तेच ऐकले आणि गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी त्यांना गुंगी येई, तरी त्या सहा-सात महिने निमूट घेत राहिल्या. एकदा त्यांनी माझा हात धरून मला खिडकीपाशी उभे केले आणि म्हणाल्या, "इथे उभी राहा, तुला कळेल." मला बँकेत जायची घाई होती. मी दोन क्षण उभी राहिले आणि म्हणाले, "आई, काही नाही हो, तुमचं वय झालंय."

१३ सप्टेंबर २०१८, गणेश चतुर्थी. माजघरात मखर मांडले होते आणि भाचा स्टुलावर चढून माळ अडकवण्यासाठी तुळईला खिळा ठोकायला गेला. हातोडी उचलण्याआधी त्याने खिळा अंगठ्याने टेकवला आणि तो तसाच, नुसत्या दाबाने, डोक्यापर्यंत आत गेला. त्याला गंमत वाटली, म्हणून त्याने दुसरा खिळा लावून पाहिला. तोही गेला. मग रंगाचा पापुद्रा फाटला आणि आरतीच्या ताटावर भुसभुशीत तपकिरी माती सांडू लागली, तिच्यात पांढरे किडे वळवळत होते. गल्लीतल्या सुतारमामांना तसेच बोलावून आणले. त्यांनी हातोडीच्या दांड्याने तुळई मधून ठोकत भिंतीकडे नेली. मधला आवाज खणखणीत होता, तो हळूहळू बद्द होत गेला, आणि टोकापाशी आवाजच आला नाही. त्यांनी वर पाहून विचारले, "वर कोण झोपतं?"

सासूबाई तेव्हा वरच होत्या, सोवळे नेसत होत्या. मी जिना चढून गेले आणि दारातूनच म्हणाले की भिंतीकडेने या. त्यांनी एक शब्दही विचारला नाही. त्या भिंतीला हात लावत लावत आल्या, जणू त्यांना ती वाट पाठ होती. नंतर मला कळले की त्या वर्षभर खोलीच्या मध्यातून चालतच नव्हत्या.

पुढचे तुम्हाला माहीत आहे. बल्ल्यांचे टेकू लावून त्याच माजघरात दीड दिवसाचा गणपती झाला, तुळईचे अडीच फुटांचे टोक कापले, खाली लोखंडी गर्डर दिला, पाइप बाहेरून नेला. मी हौसेने बसवलेल्या टाइल्सना भिंतीच्या कडेने फूट-फूट अंतरावर भोके पाडून औषध ओतले. सिमेंटचा गिलावा मात्र खर्चामुळे फक्त एका भिंतीचा उतरवला, बाकीचा तसाच आहे.

सासूबाई पुढे दोन वर्षे खालच्या खोलीत राहिल्या. "मी सांगितलं होतं" असे त्या मला कधी म्हणाल्या नाहीत, आणि मीही त्यांची क्षमा मागितली नाही. मागायला हवी होती, असे मला रोज वाटे. पण तसे केले तर त्या वर्षभर तिथे काय सोसत होत्या ते त्या सांगतील, या भीतीने मी गप्प राहिले. तेव्हा तुम्ही विचारता की कळले कसे नाही, तर वाळवी मला दिसली नाही, हे खरेच आहे, आणि त्या भागाचा दोष मी स्वतःवर घेणार नाही. पण घरात एका माणसाला कळले होते, तिने मला त्या जागी नेऊन उभे केले होते, आणि मी तिला गोळ्या दिल्या.

आता दर पावसाळ्याआधी मी दांडका घेऊन सगळ्या तुळया ठोकून पाहते. या वर्षी मृगाच्या पावसानंतर देवघरात पुन्हा पंख सापडले. ते कागदाच्या पुडीत बांधून मी औषधवाल्याला दाखवले; तो म्हणाला की हे बाहेरून आलेले असतील. त्या रात्री खिडक्या बंद होत्या. पुडी अजून फडताळात आहे, आणि जिन्याकडच्या तुळईचा आवाज मला गेल्या वर्षीपेक्षा वेगळा वाटतो. सुतारमामांना तो वेगळा वाटत नाही. मी त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावले आहे.