घरी सोलर पॅनेल बनवताय? आधी काच हातात घ्या

सोलर सेल, ते जोडायची चपटी पट्टी म्हणजे टॅबिंग वायर, सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं फ्लक्स पेन, डायोड सगळं परगावाहून कुरिअरनं वेळेत आलं. काच मात्र इथं कोल्हापुरातच सांगितली होती, सेल मागवले त्याच दिवशी. तिनंच माझा अख्खा उन्हाळा खाल्ला. अजून त्या दुकानावरून गेलो की डोकं तापतं.

हा खटाटोप महापुरामुळं. २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला आमच्या भागातली लाइट गेली ती पाणी ओसरेपर्यंत आली नाही. ज्यांच्या छतावर नेट मीटरवालं, म्हणजे जादा वीज लाइनमध्ये देणारं सोलर होतं त्यांच्याही घरात अंधार. लाइनमध्ये उलटा करंट जाऊन वायरमनला धोका होऊ नये म्हणून बाहेरची वीज गेली की त्या सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. मला पुरातही दिवे, एक पंखा आणि मोबाइल चालवणारं, १२ व्होल्टच्या बॅटरीवरचं स्वतंत्र पॅनेल हवं होतं. घरी केलेल्या पॅनेलला सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान मिळत नाही, आणि तयार पॅनेल स्वस्तही पडतं. तरी मला ते स्वतःच्या हातानं करायचं होतं.

सोल्डरिंगला लोक उगाच घाबरतात. एक सेल साधारण अर्धा व्होल्ट देतो आणि १२ व्होल्टची बॅटरी भरायला त्याहून जास्त व्होल्ट लागतात, म्हणून ३६ सेल एकामागे एक जोडायचे. निळी बाजू ऋण, मागची धन. एकाच्या पुढून निघालेली पट्टी दुसऱ्याच्या पाठीला. सेल जेमतेम ०.२ मि.मी. जाडीचा, त्यामुळं सोल्डरिंग आयर्न दाबायचं नाही, नुसतं फिरवायचं. ६० वॅटचं घ्या, २५ वॅटचं पुरत नाही. प्रत्येक सेल जोडण्याआधी उन्हात मल्टिमीटर लावून बघा.

आता काच. साधी काच चालत नाही, टफन केलेलीच लागते. ती ६०० अंशांच्या वर तापवून एकदम गार करतात, त्यामुळं ती गारपीट सोसते. पण एकदा टफन झाली की कापता येत नाही, कापायला गेलात तर दाणे होऊन सांडते. म्हणजे माप आधीच पक्कं हवं. माझे सेल १५६ मि.मी.चे, चार ओळी, ओळीत नऊ. मधल्या फटी धरून लांबी १४२८ होते, दोन्ही टोकांना ओळी एकमेकींना जोडणाऱ्या जाड पट्टीला, म्हणजे बस वायरला, जागा सोडून मी १४८० बाय ६७० सांगितली. दुकानदार म्हणाले, "मिलिमीटर नको, इंचात सांगा." मी ५८ इंच २ सूत सांगितलं आणि लिहूनही दिलं.

मग सुरू झालं. "भट्टीला लॉट भरला की लावतो." लॉट कधी भरणार? "बघतो की, शुक्रवारी फोन करा." शुक्रवारी फोन केला तर मालक जेवायला गेलेले. पुढच्या शुक्रवारी, "तुमची एकच काच हाय, एकीसाठी भट्टी कोण पेटवंल?" ॲडव्हान्स घेताना हे कुणी बोललं नव्हतं! इकडं जोडलेल्या ओळी आतल्या खोलीत प्लायवर उघड्या. पंखा लावायचा नाही, पोरांना आत सोडायचं नाही, आणि जून जवळ आलेला. पावसाळी दमट हवेत सेल सील केले की ओल आतच अडकते.

शेवटी काच आली, ५६ इंचांची. म्हणजे १४२२ मि.मी., माझ्या ओळीपेक्षाही सहा मि.मी. तोकडी. दुकानातल्या पोरानं भट्टीवाल्याला फोनवर माप सांगितलं, तिकडं अठ्ठावन्नचं छप्पन्न झालं. "दोन इंचानं काय हुतंय, सेल जरा सरकवून घ्या," असं मलाच ऐकवलं. मी मापाची चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि काच घेतली नाही. पैसे परत मागितल्यावर मात्र दुसरी काच भराभर आली. लॉट भरायची वाट तेव्हा कुणी बघितली नाही.

म्हणून सांगतो, मापाचं चित्र मि.मी.मध्ये काढा, त्यावर दुकानदाराची सही घ्या आणि तोच कागद भट्टीवर पाठवायला लावा. वैतागून ॲक्रिलिककडं वळू नका, उन्हानं ते वाकतं.

पुढचं काम निर्धास्त झालं. सेल सील करायला पारदर्शक सिलिकॉन ओतलं. साधं इपॉक्सी पिवळं पडतं. अठरा-अठरा सेलवर एकेक बायपास डायोड टाकला, म्हणजे सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट जातो. गच्चीवर दक्षिणेला तोंड करून साधारण १७ अंशांचा उतार दिला. टाकीची सावली एका सेलवर पडली तरी सगळ्या ओळीचा करंट घसरतो, म्हणून जागा बदलली. भर दुपारी बॅटरी न जोडता मोकळ्या टोकांना २१ व्होल्ट दिसले तेव्हा घरातल्या सगळ्यांना वर बोलावलं.

हे आधी सांगायला हवं होतं: काच ताब्यात घेताना पोलराइज्ड गॉगलमधून तिरकी बघा. टफन केलेली असेल तर बहुतेक वेळा पुसट पट्टे किंवा ठिपके दिसतात. साध्या काचेत दिसत नाहीत.