भाषा येत नाही, मग हसू कसं येणार?

तुम्ही विचारलंत म्हणून. जुने हंगेरियन बोलपट कुठून सुरू करावेत, आणि भाषा येत नसताना त्यातला विनोद कळतो का, हा नेहमीचा प्रश्न.

सुरुवात 'हिप्पोलित, आ लाकाय'पासूनच करा. १९३१ साल, बुडापेस्टचा हुन्निया स्टुडिओ, दिग्दर्शक सेकेय इश्त्वान (तिकडे आडनाव आधी). मालवाहतुकीत पैसा कमावलेला श्नायडर, त्याची मोठेपणाला हपापलेली बायको आणि तिने घरात आणून ठेवलेला, काउंटकडे (म्हणजे सरदाराकडे) चाकरी केलेला नोकर हिप्पोलित. झालं, जेवायला बसायचं तर सूट घालून, आणि कांदा बंद!

विनोद कळतो, पण कानाने. श्नायडर झालेला काबोश द्युला अडखळतो, निम्मं वाक्य गिळतो, सुटलेला शब्द पुन्हा पकडतो. हिप्पोलित झालेल्या चोर्तोश द्युलाचं बोलणं मात्र कडक इस्त्रीचं. सबटायटलमध्ये दोघं सारखेच गुळगुळीत होतात. वर काबोश अजून चाचपडत असतो आणि खाली अख्खं वाक्य येऊन पडलेलं असतं. म्हणून प्रसंग एकदा वाचून घ्या, मग सबटायटल बंद करून परत पाहा.

याच सेटवर जर्मन आवृत्तीही झाली, नट वेगळे घेऊन. आपल्याकडे 'अयोध्येचा राजा' (१९३२) मराठीत आणि हिंदीत झाला, तसाच दोन भाषांचा मामला. त्यामुळे नेटवर शोधताना भाषा तपासून घ्या.

खरा घोळ कॉपीत असतो. बोलपट सेकंदाला २४ फ्रेमने धावतो. टीव्हीसाठी केलेली कॉपी बरेचदा २५ ने. आवाजाची पट्टी चार टक्के चढते आणि चोर्तोशचा भारदस्तपणा तिथेच उतरतो. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा, पण आधी सेटिंगमधलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा, नाहीतर वेग उतरेल, पट्टी तशीच राहील. चेहरे पसरट दिसले तर कीबोर्डवर 'ए' दाबत ४:३ या जुन्या चौकटीच्या प्रमाणावर या. रुंद पडदा भरायच्या नादात डोकी छाटलेली कॉपी असेल तर तिला इलाज नाही, दुसरी शोधा.

आवाज पुढेमागे असेल तर 'जे' आणि 'के', दर दाबाला ५० मिलिसेकंद. जुळलं की नाही ते 'प', 'ब', 'म'वर बघा: ओठ मिटायलाच हवेत. काबोशवर मात्र ही परीक्षा घेऊ नका, चोर्तोशवर घ्या.